कळीवरचं घड्याळ

गुरुवार, ५ मार्च

आजपासून मी एका कळीचा विशेष वार्ताहर आहे. पूर, संप, चार निवडणुका आणि एकाच पुलाची तीन उद्घाटनं एवढी सेवा झाल्यावर माणसाला बढती मिळते ती अशी. संपादकांनी मान वर न करताच सांगितलं, "तुमचं संस्कृत झालंय ना? मग फुलाबिलांचं तुम्हालाच जमेल." संस्कृतात एम.ए. केल्याचा हा मला आजवर झालेला पहिला व्यावसायिक उपयोग.

वनस्पती उद्यानाच्या काचघरात गेलो. आत दमट ऊब, चष्म्यावर लगेच वाफ. चष्मा पुसला तर समोर माझ्या खांद्याला लागेल एवढी एक हिरवट, सुरकुतलेली कळी मातीतून सरळ वर आलेली. पान नाही, फांदी नाही, संकोच नाही. सुरणाच्या गोतावळ्यातली आहे म्हणे, पण हिच्यापुढे सुरण म्हणजे लांबचा गरीब पुतण्या. उमलली की कुजक्या मांसासारखी घाण मारते, कारण हिला फुलपाखरं नकोत, मढ्यावर बसणारे किडे हवेत. आवड एकेकाची.

काचघराच्या प्रमुख बाई मोजकं बोलतात. मुठीएवढा कंद त्यांनी नऊ वर्षांपूर्वी लावला, आणि त्याला पहिल्यांदाच कळी आली आहे. फूल जेमतेम दोन दिवस टिकतं. त्यातही बी धरायची तर उमलू लागल्यावरचे पहिले काही तास एवढाच अवसर; दुसऱ्या दिवशी तिचे स्वतःचे पराग पिकतात तोवर तळातली मादीफुलं निकामी झालेली असतात. म्हणजे पराग परके हवेत आणि वेळेवर हवेत. ते दूरच्या एका उद्यानातून आले आहेत आणि बाईंच्या ऑफिसातल्या फ्रीजरमध्ये एका कुपीत आहेत. एकदा बाहेर काढले की पुन्हा गोठवता येत नाहीत.

"म्हणजे नवरा फ्रीजरमध्ये बसलाय आणि नवरी दार उघडत नाही," मी म्हणालो.

बाई हसल्या नाहीत. "पुढच्या वर्षी मी निवृत्त होतेय," त्या म्हणाल्या. "ही वेळ हुकली तर मला दुसरी नाही."

मग मीही विनोद आवरता घेतला.

शुक्रवार, ६ मार्च

कॅमेरा बसला. बसवला मामांनी. मामा आमचे प्रक्षेपण तंत्रज्ञ. सगळ्या ऑफिसचे मामा, सख्खे कुणाचेच नाहीत. चित्र काचघरातून थेट आमच्या स्टुडिओत येतं आणि तिथून संकेतस्थळावर दिवसरात्र दिसतं. दर तासाला मी माईकवर जाऊन कळीविषयी दोन शब्द बोलायचे. दुपारपर्यंत माझे दोन्ही शब्द संपले.

एक गोष्ट मला फार आवडली. कळी हलत नाही. मग थेट चित्र आणि भिंतीवरचा फोटो यांत फरक कसा ओळखायचा? मामांनी काचघरातल्या हवा फेकणाऱ्या पंख्याच्या जाळीला एक लाल रिबीन बांधली. चित्राच्या उजव्या कोपऱ्यात ती सारखी फडफडत असते. "ही फडफडतेय तोवर पेशंट जिवंत," मामा म्हणाले. स्टुडिओत ज्याची पाळी असेल त्याने येता-जाता रिबीन बघायची. झाली तपासणी. मी विचारलं, इतकी वर्षं असंच करता? म्हणाले, रात्रीच्या रिकाम्या रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांसमोरही त्यांनी असं काहीबाही लटकवलेलं आहे. एके ठिकाणी तर स्वतःचा जुना मोजा आहे.

प्रेक्षक पन्नासच्या आत. त्यांत एक मामांची बहीण आणि एक माझी बायको. बायको शाळेत चित्रकला शिकवते. सध्या महिनाभराच्या रजेवर आहे, म्हणून ओट्यावर टॅब टेकवून ती कोळशाने कळी काढते आहे. मी काय बोलतो त्यात तिला रस नाही, आवाज बंद ठेवते असं तीच म्हणाली. जेवताना मात्र म्हणाली, "चारच्या वेळी फार खोकत होतात, गरम पाणी नेत जा." तिला कसं कळलं कुणास ठाऊक. चेहऱ्यावरून ओळखलं असेल, म्हणावं, तर मी चित्रात दिसतही नाही.

शनिवार, ७ मार्च

बैठक. संपादकांची तक्रार अशी की लोक येतात, अर्धा मिनिट कळी बघतात आणि निघून जातात. सगळ्यांनी आपापलं शहाणपण मांडलं. एकीने पार्श्वसंगीत सुचवलं. एकाने कळीला नाव ठेवायची स्पर्धा सुचवली. मलाही गप्प राहवलं नाही. मी म्हणालो, माणूस कळीकडे कुठे बघतो? तो 'आता काहीतरी होईल' याकडे बघत असतो. ते कधी होणार हे कळलं तर तो वाट बघत थांबेल. वाट बघायलाही काठ लागतो.

मी हे सुभाषित म्हणून बोललो होतो. संपादकांनी टेबलावर थाप मारली. "उलटं घड्याळ! पडद्यावर! मोठे आकडे!"

बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही, तीन दिवस ते दहा दिवस. संपादकांनी बेरीज करून भागाकार केला आणि शुक्रवार संध्याकाळी सात असं ठरवलं. वनस्पतिशास्त्राला गणिताचा एवढा आधार मिळालेला बाईंना मात्र रुचला नाही.

आकड्यांशेजारी काय लिहायचं हे माझ्याकडे आलं. मी 'उन्मीलनास अवधी' असं लिहून दिलं. ग्राफिक्सवालीने कागद उलटसुलट करून विचारलं, हे कुठल्या कंपनीचं आहे? शेवटी 'उमलायला उरले' ठरलं. बरं आहे. दोन शब्द आणि दोन्ही शब्द लोकांना कळतात, म्हणजे माझे नाहीत.

सोमवार, ९ मार्च

घड्याळ लागलं. ते कसं लावतात हे बघायला मी मुद्दाम मामांच्या खोलीत जाऊन बसलो. कुतूहल हा माझा जुना आजार आहे.

मामांनी दोन वाटा सांगितल्या. एक, आकडे कॅमेऱ्यातच घालायचे. चित्र निघतानाच शिक्का मारून निघेल. पण आकडे बारीक येतात, अक्षरं आपल्या मनासारखी नसतात, आणि वेळ बदलायची तर दर खेपेला काचघरात जाऊन शिडी लावायची. दुसरी, चित्र इथे येऊ द्यायचं आणि आपल्या यंत्रातून त्यावर आकडे चढवायचे. हवे तेवढे मोठे, हवे तेव्हा बदला. संपादकांनी दुसरी वाट घेतली. मामा म्हणाले, "पाकीट तिकडचं, शिक्का इकडचा." मी म्हणालो, वा. ते म्हणाले, वा काय, मी तक्रार करतोय.

मला मात्र ती तक्रार समजली नाही. आकडे सुंदर दिसतात. पांढरे, ठसठशीत, दिवस-तास-मिनिटं-सेकंद. सेकंदांचे आकडे पळतात ते बघताना खरोखर नजर हलत नाही. मी बराच वेळ नुसता तेच बघत बसलो, आणि नंतर लक्षात आलं की तेवढ्या वेळात मी कळीकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

एकच अडचण आली. आकडे नेमके रिबिनीवर आले. ग्राफिक्सवाली म्हणाली, दोन हलत्या गोष्टी एका कोपऱ्यात नकोत, चकणं बघितल्यासारखं वाटतं. संपादक म्हणाले, काढा ती चिंधी. मामा शिडी घेऊन गेले आणि रिबीन काढून खिशात घालून आले. जाता जाता पुटपुटले की मग बघायचं कशाकडे. संपादकांनी आकड्यांकडे बोट दाखवलं. आता पाळीवाल्याने येता-जाता आकडे बघायचे. पळतायत? मग ठीक आहे. रिबिनीपेक्षा हे किती सोपं.

बुधवार, ११ मार्च

प्रेक्षक हजारांत. वाट बघायलाही काठ लागतो, हे माझं वाक्य संपादकांनी वरच्या साहेबांना स्वतःचं म्हणून ऐकवलं. साहित्यिक चौर्याला बळी पडण्याइतका मोठा मी कधी झालो, याचा मला पत्ताच लागला नाही.

बायकोला विचारलं, आकडे कसे वाटतात? "मी त्यावर पट्टी लावलीय," ती म्हणाली. बघतो तर टॅबच्या कोपऱ्यावर खरंच कागदाची चिकटपट्टी. "आकडे असले की बाकीचं दिसत नाही." मी तिला समजावलं की लोकांना गती हवी असते. ती म्हणाली, "आहे की गती. सकाळी छताच्या खांबाची सावली डावीकडे असते, ती दुपारी कुंडीवरून चालत उजवीकडे जाते. त्या सावलीमुळेच तर कळी गोल दिसते." असेल. चित्रकारांना सावल्यांचं फार.

शुक्रवार, १३ मार्च

आज सात वाजता कळी उमलायची होती.

काचघरात मुंगीला वाट नव्हती. शेवटच्या मिनिटाला लोक मोठ्याने आकडे म्हणू लागले. दहा, नऊ, आठ. मी माईक घेऊन उभा, मीही आकडे मोजतोय, आणि मनातल्या मनात मला पूर्ण जाणीव आहे की हा मुहूर्त कळीला कुणी कळवलेला नाही. शून्य. टाळ्या. कळी ढिम्म.

नंतर जे झालं ते मात्र बघण्यासारखं होतं. शून्यानंतर काय करायचं हे मामांनी यंत्राला सांगितलंच नव्हतं, कारण मामांना कुणी सांगितलं नव्हतं. यंत्राने क्षणभर विचार केल्यासारखं केलं, एक उणे चिन्ह लावलं आणि पुढे चालू लागलं. उणे एक, उणे दोन. शून्याचा आपल्या पूर्वजांना केवढा अभिमान. पण उणे सेकंदांचं थेट समालोचन करण्याचा मान त्यांतल्या कुणाला मिळाला नसेल. मी उणे अकरा मिनिटांपर्यंत बोललो. काय बोललो आठवत नाही.

बाई कोपऱ्यात उभ्या होत्या. लोक काचा ठोकत होते, कुणी कळीला हात लावायला गेलं. सगळे गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "ती उशिरा नाहीये. तुम्ही लवकर आलात."

उणे आकडे बघायला, संपादक सांगतात, अधिक आकड्यांपेक्षा जास्त लोक होते.

शनिवार, १४ मार्च

आता मात्र खरंच जवळ आलं आहे. कळीच्या बुडाशी असलेलं शेवटचं आवरण गळून पडलं आणि तिची वाढ थांबली. बाईंच्या मते दोन-तीन दिवस. संपादकांनी नवी वेळ लावली. सोमवार, संध्याकाळी सात. माझ्या सूचनेवरून शेजारी 'अंदाजे' असा शब्द घातला. तो इतक्या लहान अक्षरांत घातला गेला की तो वाचायला मला चष्मा दोनदा पुसावा लागला.

अडचण बाईंची आहे. त्यांचे वडील अंथरुणाला खिळलेले. त्यांना बघणारी बाई सोमवारी सुट्टी घेते, म्हणून सोमवारी प्रमुख बाई पाचपर्यंत घरी असतात. घर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. सोमवारी उद्यानही बंद असतं. फाटकावरचा रखवालदार सोडला तर तिथे चिटपाखरू नसतं, आणि काचघराची किल्ली बाईंकडेच. दुसरी एक किल्ली मामांकडे, कॅमेऱ्यासाठी.

"पण आता तुमचं चित्र आहे ना," त्या म्हणाल्या. "मी फोनवर बघत राहीन. पहिली कड सुटली की लगेच निघते. तिला पूर्ण उघडायला काही तास लागतात, तेवढ्यात पोचते." मग त्यांनी विचारलं, "ते आकडे पळतायत म्हणजे चित्र चालू आहे, असंच ना?"

"बाई," मी म्हणालो, "आकडे थांबले तर समजा आम्ही गेलो."

त्या पहिल्यांदा थोडं हसल्या. मला बरं वाटलं.

सोमवार, १६ मार्च

हात तीनदा धुतले, वास जात नाही. तरी आजचं आजच लिहून ठेवतो.

सकाळपासून मी स्टुडिओत होतो. दर तासाला माईकवर जायचं, समोरच्या पडद्यावर कळी बघायची आणि बोलायचं. आज बोलायला बरं सुचत होतं. दुपारी तर मी असंही म्हणून गेलो की या निश्चलतेत एक योगिनीची शांती आहे. खाली आकडे पळत होते. पाच तास उरले, चार तास उरले.

बायकोचे दोन फोन आले. दोन्ही वेळा मी माईकवर होतो, आणि सोमवारी तिचे फोन दुधाचे असतात म्हणून उलटा केला नाही. साडेतीनच्या सुमारास तिसरा आला.

"अहो, सावली हलत नाहीये."

मी म्हटलं, कुणाची?

"खांबाची. मी जेवायला बसले तेव्हा कुंडीच्या कडेवर होती. अजून तिथेच आहे. आणि तुम्ही तिथे बसून शांतीबिंतीचं काय सांगताय?"

आवाज बंद असतो ना, असं विचारणार होतो. त्याऐवजी पडद्याकडे पाहिलं. आकडे व्यवस्थित पळत होते. तसं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, आकडे मला दिसत नाहीत, मला सावली दिसतेय. मी म्हटलं, ढग आले असतील. "ढग आले तर सावली जाते," ती म्हणाली, जसं चौथीच्या वर्गाला सांगावं. "एका जागी बसून राहत नाही."

मी मामांच्या खोलीत गेलो आणि ही गोष्ट बायकोच्या नावाने, हसत हसत सांगितली. मामा हसले नाहीत. त्यांनी एक बटण दाबलं. त्यांच्या खोलीतल्या पडद्यावरचे आकडे गेले आणि मागे नुसती कळी उरली. दोघं बघत राहिलो. त्या कळीच्या वर एक माशी हवेत होती. उडत नव्हती, नुसती हवेत होती.

"साडेबाराला लाइन तुटलीय," मामा म्हणाले. "यंत्राने शेवटचं चित्र धरून ठेवलंय. आकडे आपले आहेत हो. ते पळणारच. त्यांना काय कळतंय मागे कोण आहे."

तीन तास आम्ही हजारो लोकांना एक फोटो दाखवत होतो आणि मी त्या फोटोचं समालोचन करत होतो. पण हे सगळं मला नंतर सुचलं. आधी आठवल्या त्या बाई, फोन हातात घेऊन वडिलांच्या उशाशी बसलेल्या.

त्यांना फोन लावला. मी काय बोललो ते इथे लिहीत नाही, धड वाक्यंही नव्हती. त्यांनी एकदाही मला दोष दिला नाही. "शेजारणीला बसवून निघते," एवढंच म्हणाल्या. तेवढ्या वेळात मामांनी संपादकांना सांगितलं. संपादक म्हणाले, प्रेक्षक आज सर्वांत जास्त आहेत, लाइन जोडेपर्यंत आकडे काढू नका. मामांनी माझ्याकडे पाहिलं, खिशातली किल्ली काढली आणि आम्ही त्यांच्या गाडीत बसलो.

वास फाटकापाशीच आला. रखवालदार नाकाला रुमाल लावून उभा होता. म्हणाला, गटार तुंबलंय वाटतं, दुपारीच तक्रार दिलीय.

दार उघडलं. मी आजवर बऱ्याच गोष्टी बघितल्या, त्यांतल्या बहुतेक विसरण्यासारख्या होत्या. ही नव्हती. बाहेरून हिरवं असलेलं आवरण खाली कलून उघडलेलं, झालर झालेली, आणि आतला रंग असा गर्द जांभळा की त्याच्या खोलीचा अंदाज येईना. मध्ये तो उंच पिवळट दांडा. हात जवळ नेला तर दांडा गरम लागला, ताप आलेल्या कपाळासारखा. वास सोसवत नव्हता आणि मागेही हटवत नव्हतं. झाड गरम कसं होतं, हे विचारायला तिथे कुणी नव्हतं. मामा दारात उभे राहून म्हणाले, "शास्त्रीबुवा, तोंड मिटा, आत जाईल."

बाई आल्या तेव्हा उन्हं उतरली होती. धावत आल्या नाहीत. दारात थांबल्या, एकदा सबंध फूल पाहिलं आणि थेट फ्रीजरकडे गेल्या. मला हातमोजे दिले, एका हातात दिवा दिला आणि दुसऱ्या हाताने आवरणाची कड धरून ठेवायला सांगितली. बुडाशी चाकूने त्यांनी तळहाताएवढी खिडकी कापली. आत शेकडो मादीफुलं, मोत्यांची माळ गुंडाळून ठेवावी तशी. त्यांनी एका फुलाच्या टोकाला काडी टेकवून बघितली, बोटांत चोळली.

"ओलं आहे का?" मी विचारलं.

"चिकट आहे थोडं."

"थोडं म्हणजे पुरेसं?"

"कधी उघडलं ते मला माहीत असतं तर सांगितलं असतं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

मग त्या ब्रशाने एकेका फुलावर पराग लावत राहिल्या. माझा हात भरून आला. मी हलवला नाही.

तेवढ्यात मामांनी लाइन जोडली. घरोघरी जे दिसलं ते असं, की मिटलेली कळी एका पापणीच्या लवण्यात पूर्ण फूल झाली, आणि तिच्या पायाशी दोन ढुंगणं, एक माझं. खाली पांढऱ्या ठसठशीत आकड्यांत: उमलायला उरले, एक तास बारा मिनिटं.

मंगळवार, १७ मार्च

दिवसभर हशा. मीही हसलो, कारण न हसणं जास्त कठीण होतं. संपादकांनी 'फूल वेळेआधी उमललं' अशी बातमी करायला सांगितली. मी नाही म्हणालो. सव्वीस वर्षांत दुसऱ्यांदा. त्यांनी दुसऱ्याकडून करून घेतली. बातमीत चूक सगळी फुलाची आहे.

बाईंना भेटायला गेलो. फळ धरलं की नाही हे दोन-तीन आठवड्यांनी कळतं. फूल गळून गेल्यावर देठ कोसळला तर संपलं, उभा राहिला तर धरलं. मी क्षमा मागितली. घड्याळ माझ्या डोक्यातून निघालं होतं आणि 'आकडे थांबले तर' ही फुशारकी माझ्या तोंडून. त्या कात्रीने कुठलंतरी पान छाटत होत्या. म्हणाल्या, "मीही आकडेच बघत होते. नऊ वर्षं त्या झाडाकडे बघतेय मी, आणि काल तीन तास आकडे बघितले. उशीर झालेला नाही, वेळ आहे, असं स्वतःला सांगत वडिलांना चमच्याने भरवत होते." मग म्हणाल्या की वडिलांनी काल नेहमीपेक्षा दोन घास जास्त खाल्ले, घाई कुणी केली नाही ना.

एक कोडं मला सुटत नाही. साडेबारापर्यंत आकडे आणि चित्र दोन्ही खरी होती. साडेबारानंतर चित्र थांबलं, आकडे चालत राहिले. दोघांपैकी खोटं कोण? चित्र खोटं नव्हतं, ती कळी तशीच होती. आकडेही खोटे नव्हते, सात वाजायला खरोखर तेवढाच वेळ होता. दोन खरी माणसं शेजारी उभी करून आम्ही खोटी साक्ष दिली. न्यायशास्त्रात याला नाव असणार. शोधायला हवं.

हे बायकोला सांगत होतो. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, दांडा खरंच गरम होता का, आणि जांभळा कसा, वांग्यासारखा की शाईसारखा? मी म्हटलं, वांग्यावर शाई सांडावी तसा. तिने टॅबवरची पट्टी काढून टाकली होती. तिच्याकडे उमललेल्या फुलाचं चित्र नाही. मिटलेल्या कळीची मात्र ढीगभर आहेत, सगळी बाजूने सावली असलेली.

शुक्रवार, २७ मार्च

फूल केव्हाच गळून गेलं. कॅमेरा निघाला. मी पाणीपुरवठ्याच्या बातमीवर परत. मामांनी त्यांच्या सगळ्या थेट चित्रांचे आकडे आता कॅमेऱ्यातच घालायला घेतले आहेत, शिडी घेऊन गावभर हिंडतात. चित्र थांबलं की आकडेही थांबतात. बारीक आहेत. संपादकांना वाचता येत नाहीत, मामांना त्याचं समाधान दिसतं.

बाईंचा फोन नाही. मी रोज संध्याकाळी करावा की करू नये असा विचार करतो आणि करत नाही. बायको म्हणते, विचारून देठ उभा राहत नाही.

शनिवार, ४ एप्रिल

सकाळी बाईंचा फोन आला. "या," एवढंच म्हणाल्या. आवाजावरून काही कळेना. मी निघालो तर बायको पिशवी घेऊन दारात उभी. तुला कशाला त्रास, मी म्हटलं. ती म्हणाली, रजा संपायच्या आत एकदा खरं बघू दे की.

देठ उभा होता.

नुसता उभा नव्हता, बुडाशी फुगला होता. वाळलेलं आवरण बाईंनी हलकेच बाजूला केलं. आत हिरवे टपोरे दाणे, एकाला एक खेटून. सगळे नाहीत. एक बाजू भरगच्च, दुसरी बाजू जवळजवळ रिकामी. रिकाम्या बाजूची फुलं आधी उघडली असावीत, त्यांची वेळ टळून गेली, असं बाईंचं म्हणणं. "अर्धी मिळाली," त्या म्हणाल्या. मी काही बोलायला गेलो, पण त्या दाण्यांवरून बोट फिरवत होत्या, एकेक, आणि त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. मग त्याच हसल्या. "अर्धी म्हणजे पुष्कळ झाली हो. लावायला जागा कुठेय एवढी."

त्या कुपीतल्या नवऱ्याचं कौतुक करण्याचा मोह मी टाळला. बाईंनीच केलं. "बर्फातून काढलेला असून नेटाने वागला," असं म्हणाल्या. मी तो विनोद माझा आहे असं म्हटलं नाही. वाक्य चोरीला जाण्याची मला आता सवय आहे.

संपादकांचा निरोप मला पोचवायचा होता. दाणे लाल व्हायला नेमके किती दिवस लागतील? त्यांच्या मनात पुन्हा काहीतरी आहे. बाईंनी ऐकून घेतलं, "त्यांना सांगा, लाल झाले की लाल होतील," म्हणाल्या आणि झारी घेऊन पलीकडच्या कुंड्यांकडे गेल्या.

मी मागे वळलो. बायकोने पिशवीतून कागद आणि कोळसा काढून जमिनीवरच बैठक मारली होती. देठाकडे बघत होती, अजून रेघ ओढलेली नव्हती. छताच्या खांबाची सावली तिच्या पायापाशी आली होती.

"किती वेळ लागेल?" मी विचारलं.

तिने वर न बघता शेजारची एक पालथी कुंडी माझ्याकडे सरकवली. मी तिच्यावर बसलो.